जलाशयातलं सोयाबीन

वालूरजवळ कुसुमबाईंची दोन एकर काळी जमीन. सप्टेंबरात पाच दिवस पाऊस लागून राहिला आणि शेंगा भरलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. सरकारनं अतिवृष्टीचं अनुदान जाहीर केलं. त्यासाठी मोबाइलवरून शेताचा फोटो पाठवायचा होता. लेक धम्मशीला गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिनं फोटो काढला. तो इतका छान आला की शेताच्या नावापुढं सरकारदरबारी 'जलाशय' अशी नोंद झाली.

साऱ्या गावाचं अनुदान आलं, कुसुमबाईंचं तेवढं आलं नाही. त्या तलाठी अनंतरावांकडे गेल्या. अनंतराव भला माणूस. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे समजावलं.

"मावशी, जलाशयाचं पावसानं नुकसान होत नसतंय. उलट फायदाच हाय."

"भाऊसाहेब, मागल्या साली त्याच जलाशयात बसून तुमी हुरडा खाल्लाय."

अनंतरावांना ते आठवत होतं. हुरडा लय गोड होता, असंही ते म्हणाले. पण आठवण भरायला संगणकात रकाना नव्हता. नोंद काढायची तर तळं बुजवायची परवानगी मागावी लागणार होती. कुसुमबाईंनी अर्ज दिला. आठवड्यात नोटीस आली, की जलाशय बुजवण्याचा विचार करणं गंभीर आहे, खुलासा करावा.

खुलासा झाला, मग पाहणी. जलसंधारणाचे साहेब टेप घेऊन आले तेव्हा पाणी केव्हाच ओसरलं होतं. भेगाळलेल्या ढेकळांत उभं राहून त्यांनी टेप सोडला आणि खोली शून्य असल्याचं सांगितलं. कुसुमबाईंचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी लिहिलं, 'जलाशय पूर्ण कोरडा. गाळ साचला आहे. तातडीने काढावा.'

पंधरा दिवसांनी साहेबांच्या मागोमाग पोकलेन आलं. चालक सिद्धोधननं अदबीनं विचारलं, पंधरा फूट खोदायचंय, कुठून सुरू करू? कुसुमबाई यंत्रापुढं मांडी घालून बसल्या. दोन महिने त्या चिडत होत्या. आज मात्र राग कुठं गेला कोण जाणे, हसूच यायला लागलं. निघालेला गाळ कुठं टाकणार, असं त्यांनी साहेबांना विचारलं. गरजू शेतकऱ्याच्या रानात, साहेब म्हणाले. तो पसरायला त्याला अनुदानही मिळतं.

"मी गरजू हाय का?"

दोन एकरवाल्या, म्हणजे होत्याच.

"मग माझ्या तळ्यातला गाळ माझ्याच रानात टाका. रान हे काय, तळ्याच्याच जागी हाय."

साहेबांनी पिशवीतून योजनेचा कागद काढला. मग त्यांनी नियम वाचला. तळ्यापासून रान जवळ असावं, एवढीच अट होती. याहून जवळचं रान त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं. सिद्धोधननं एक बकेट माती उचलली, फोटो होईपर्यंत धरली आणि होती तिथंच सोडली. सोबत आलेल्या अनंतरावांनी लिंबाखाली पंचनामा केला.

अनुदान आठ दिवसांत खात्यावर आलं, सोयाबीनचं मिळालं असतं त्याहून थोडं जास्तच. कुसुमबाईंनी हरभरा पेरला आणि तो झकास उगवला. तो वीतभर झाला तेव्हा मत्स्य विभागाचा फोन आला. आपल्या तळ्यात कुठलं मत्स्यबीज सोडायचं, ते विचारत होते. धम्मशीलानं फोनवर हात ठेवून आईकडं बघितलं.

कुसुमबाईंनी हरभऱ्यावरून नजर फिरवली.

"रोहू सांग," त्या म्हणाल्या.