भुरीबाईचा रामराम

“हा माहा पोरगा नोय,” तुरुंगातल्या भेटीच्या जाळीपाशी उभी असलेली भुरीबाई म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली.

आतल्या बाजूला सोमला जाळी धरून “याडी, याडी” अशा हाका मारत होता. आईला बंजारा माणूस याडी म्हणतो. पण म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिला नुसता आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजावर तिचा विश्वास नव्हता. पोरगा तुरुंगात मेला आणि सरकार भलत्याच माणसाला उभं करून आपल्याला फसवतंय, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. मेडशीजवळच्या तांड्यावरून तिला घेऊन आलेला भाचा फुलसिंग समजावून समजावून थकला. “हात लावू द्या, मंग मानीन,” एवढंच ती म्हणत राहिली.

हात लावायची सोय नव्हती. जाळी दुहेरी होती आणि दोन्ही जाळ्यांच्या मधे शालिग्राम जमादार उभा होता.

शालिग्राम वाशिमच्या तुरुंगात लागला तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. ते गेले, आपलं राज्य आलं, शालिग्रामचं काम मात्र जिथल्या तिथे राहिलं. दारं लावायची, दारं उघडायची आणि ओरडायचं. त्याचा आवाज भाजीबाजारापर्यंत जातो, असं लोक म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमानही होता. नोकरीत त्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत असा महिना नसेल. कोणी आभार मानल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. सवय झाली होती.

या भेटीच्या काही महिने आधी जबलपूरकडचे दुबेसाहेब जेलर म्हणून आले आणि त्यांनी पितळी बिल्ल्याची टूम काढली. नीट वागेल त्या कैद्याच्या छातीवर बिल्ला. बिल्लेवाल्याला भिंतीबाहेरच्या भाजीच्या मळ्यात काम, रविवारी विडी, आणि सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे अंगणातल्या कडुनिंबाखाली, जाळीशिवाय घरच्यांची भेट. एकदा चुकला की बिल्ला काढून घ्यायचा. शालिग्रामला हे चोराला आहेर केल्यासारखं वाटलं. साहेबापुढे तो “जी साहेब” म्हणाला आणि मागे येऊन पचकन थुंकला.

सोमला तर उघड हसला होता. जंगलातल्या गार्डाने त्याचे बैल कोंडवाड्यात घातले, म्हणून त्याने गार्डाचा हात मोडला होता. राग त्याच्या नाकावरच बसलेला असे. “मी बैलाले असंच शिकवतो, जमादार,” तो म्हणाला होता. “पयले गूळ दाखवाचा, मंग जू ठेवाचं. मी काय बैल हाओ?”

म्हातारी पाठ फिरवून गेली त्या संध्याकाळी त्याने भाकरीला हात लावला नाही. फुलसिंग जाताना सांगून गेला होता, की मामी आता पोराचं सुतक धरून बसेल, खायची प्यायची नाही. सकाळी दार उघडताच सोमला शालिग्रामपुढे येऊन उभा राहिला.

“जमादार, तो बिल्ला कसा भेटते?”

“काहून? बैल व्हाचं हाये का तुले?”

“व्हाचं हाये,” सोमला खाली मान घालून म्हणाला. “याडी मरन हो.”

शालिग्रामला टोमणा मारल्याचा पस्तावा झाला. “तोंड बंद अन् हात खाली,” तो हळू आवाजात म्हणाला. “एवढंच करजो.” लगेच त्याने फुलसिंगला निरोप धाडला, की म्हातारीला दोन घास भरव, संक्रांतीपर्यंत पोरगा हाताला लागेल.

सोमलाने जीभ दाताखाली धरली. त्याला मळ्यात लावलं. पोळ्यानंतर एक दिवस जगदेव नावाच्या दांडगट कैद्याने त्याची नुकती लावलेली वांग्याची रोपं मुद्दाम पायाने उखडली आणि म्हणाला, “गुळाचा बैल.” सोमलाने कुदळ उचलली. शालिग्राम बांधावर होता. एवढा भाजीबाजारापर्यंत जाणारा आवाज, पण नेमका त्या वेळी निघेना. ‘टाक खाली, लेका, टाक,’ तो मनातल्या मनात विनवत होता. सोमलाने जगदेवकडे रोखून बघितलं. मग त्याने कुदळ जमिनीवर ठेवली, उकिडवा बसला आणि एकेक रोप पुन्हा मातीत लावू लागला.

शालिग्रामने त्याला आपल्या चंचीतली तंबाखू दिली. बक्षिसांच्या नियमात ते कुठेच नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास सोमलाच्या छातीवर बिल्ला आला. भेटीच्या दिवशी शालिग्रामने स्वतः कडुनिंबाखालचा पाला झाडला आणि दोघा मायलेकांना नियम ऐकवला. आरडाओरडा झाला तर भेट बंद, बिल्ला जप्त.

फुलसिंगने म्हातारीला सोमलापुढे आणून उभं केलं.  तिने त्याचे केस चाचपले, कपाळ चाचपलं, मग बोटं कानामागे नेली. लहानपणी गोऱ्ह्याने मारलेल्या शिंगाची खूण तिथे होती. तिची बोटं तिथेच थांबली.

आणि मग तिने पोराच्या गळ्यात हात टाकून असा टाहो फोडला, की भिंतीवरची कबुतरं उडाली.

शालिग्राम धावला. पण जवळ गेल्यावर त्याला कळलं, की म्हातारी सुरात रडत होती. रडण्यात शब्द होते, शब्दांना चाल होती. सोमला डोळे मिटून तिच्या खांद्यावर मान टाकून उभा होता.

“गप कर तिले, लेका! बिल्ला जाईन!”

“जाऊ द्या,” सोमला म्हणाला. “आमची रीत हाये, जमादार. लई दिसांनी भेटलं का बायामानसं अशीच रडतेत. हे रडनं नोय. रामराम हाये.”

तेवढ्यात दुबेसाहेब आलेच. “क्या हुआ? कोई मर गया?”

शालिग्रामने टाचा जुळवल्या. त्याला नियम पाठ होता, तो मोडला की बिल्ला जातो तेही माहीत होतं. “नाही साहेब,” तो म्हणाला. “मेलेला जिता सापडला. रामराम चालू हाये त्याहिचा.”

“कितनी देर चलेगा?”

“सांगता येत नाही साहेब. झाला का कळन.”

साहेब बराच वेळ म्हातारीकडे बघत राहिले. मग “चलने दो” म्हणून ते हळूच मागे वळले. शालिग्रामला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

म्हातारीचं गाणं सरलं. डोळे पुसून तिने लेकाला काहीतरी विचारलं. सोमला तिला धरून शालिग्रामपाशी घेऊन आला.

“उभे राहा, जमादार. तुमचाबी रामराम हाये.”

शालिग्राम काही म्हणायच्या आत दोन सुरकुतलेले हात त्याच्या चेहऱ्यावरून फिरले, मिशांवर, कपाळावर, आणि गळ्यात पडले. तोच सूर पुन्हा उठला. तिच्या बोलीतला एकही शब्द त्याला कळत नव्हता, फक्त मधे ‘जमादार’ आलं तेवढं कळलं. आई गेल्यापासून त्याच्या तोंडावरून कोणी हात फिरवला नव्हता. हातातली काठी त्याला नकोशी झाली. ती त्याने हळूच कडुनिंबाला टेकवली.

रात्री त्याच्या बायकोने, कमलीबाईने, त्याचा खाकी सदरा धुवायला उचलला. खांद्यावर आसवं वाळून पांढुरका डाग पडला होता.

“हे काय लागलं हो?”

“राहू दे तो,” शालिग्राम म्हणाला. “उद्या तोच घालतो.”

“मळला हाये ना.”

“असू दे.”

सकाळी त्याने तोच सदरा घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तुरुंगाचं दार उघडलं.