रिकामी ओळ

सांगलीला अण्णांच्या हाताखाली छपाई शिकून चिंतामणनं साताऱ्यात स्वतःचा छापखाना थाटला, तेव्हा तिथून त्यानं एकच गोष्ट बरोबर आणली, अण्णांची युक्ती. मजकूर सारखा आणि नावं तेवढी वेगळी, असं काम आलं की सगळा मजकूर एकदाच जुळवून चौकटीत घट्ट आवळायचा आणि नावापुरती खाच मोकळी ठेवायची. मग गिऱ्हाइकाच्या यादीतली एक ओळ घ्यायची, तिच्या अक्षरांचे खिळे जुळवून खाचेत बसवायचे, कागद छापायचा, ती ओळ काढून पुढची घालायची. अण्णा म्हणायचे, "यादी आहे तशी घ्यायची. डोकं चालवलंस की चुकलास."

युक्ती झकास होती. वैताग होता तो गिऱ्हाइकांचा. कुणी एका ओळीत दोन नावं कोंबायचा, कुणी एकच नाव दोन ओळींवर ताणायचा. रिकाम्या ओळी तर वाटेल तिथं. म्हणून चिंतामणनं आपल्यापुरता एक नियम करून टाकला होता. ओळ रिकामी दिसली की सोडायची आणि खालची घ्यायची. या नियमावर त्याचं बरं चाललं होतं, नाथाजी सुभेदार येईपर्यंत.

साल बहात्तर. मेढ्याच्या वर डोंगरात सुभेदारांचं गाव, घरटी एक माणूस पलटणीत. आदल्या सालच्या लढाईवर गेलेल्या जवानांना गाव मानपत्रं देणार होतं. त्यासाठी सुभेदारांनी दोन कागद आणले. एकावर नावं होती. ती त्यांच्या पुतण्याच्या बायकोनं, मनुबाईनं लिहिली होती, कारण तिच्याइतकं वळणदार अक्षर गावात कुणाचं नव्हतं. दुसऱ्यावर त्याच क्रमानं हुद्दे होते, सुभेदारांच्या हातचे. हुद्दा म्हणजे पलटणीची बाब, ती काय बायकांवर सोडायची? चिंतामणनं चौकटीत दोन खाचा ठेवल्या. या कागदातली एक ओळ, त्या कागदातली एक ओळ. शेवटी एक हुद्दा उरला. म्हाताऱ्यानं एक जादा लिहिला असेल, असं म्हणून त्यानं तो सोडून दिला. पलटणीतला माणूस मोजणीत चुकायचा नाही, एवढं काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं सुभेदार गठ्ठा न्यायला आले. बरोबर मनुबाई होती. वरची चारदोन मानपत्रं सुभेदारांनी कौतुकानं न्याहाळली आणि ते एकदम थबकले.

"आवं, ह्यो जोतीराम कवा मेला?"

"कोण जोतीराम?"

"ह्यो काय! शिपाई, मरणोत्तर! आज सकाळी माज्यासंगं च्या प्यालाय त्यो. त्यानंच मला एसटीत बसवून दिलं!"

पुढचे कागद बघितले तर सगळाच घोळ. गुंडा स्वयंपाकी होता, तो हवालदार झाला होता. नानासो नाईक होता, तो स्वयंपाकी. चिंतामणच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवलं. नावांच्या कागदावर मध्येच एक ओळ रिकामी होती.

"ही बघा!" त्याचा पारा चढला. "ही बघा रिकामी ओळ! यादी करताय की कोडी घालताय? कुणी लिहिलंय हे?"

"मी लिवलंय," मनुबाई म्हणाली.

"मग ही ओळ अशी का सोडली?"

तिनं कागद सुभेदारांपुढं सरकवला. सुभेदारांनी कागद डोळ्यांजवळ नेला, रिकाम्या ओळीच्या वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं, आणि त्यांचा आवाजच खाली आला.

"हितं आकाराम पायजे. माजा पुतण्या. हिचा मालक. नवऱ्याचं नाव कसं लिवंल ती?"

चिंतामणनं कपाळाला हात लावला. एका बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही म्हणून अर्धी पलटण जागची हलली होती! आता संध्याकाळच्या गाडीआधी हे सगळं पुन्हा छापायचं. रागानं त्याचे कान तापले. त्यानं टेबलावर पेन्सिल आपटली.

"आता तोंडी काही चालायचं नाही. जिनं यादी लिहिली, तिनंच ओळ भरायची. लिहा!"

"लिव पोरी," सुभेदार म्हणाले. "आता कशापायी पाळायचं त्ये?"

मनुबाईनं पेन्सिलीला हात लावला नाही. ती दुसऱ्या कागदाकडं बघत होती.

"मामंजी, मरणोत्तर तुमी लिवलंय?"

"साल होत आलं, पोरी. पत्तर न्हाई, काय न्हाई."

"सरकारचा कागद बेपत्ता म्हंतोय. मेलं म्हंतोय का?"

"मी उभा जलम पलटणीत काढलाय. बेपत्ता म्हंजे काय, मला ठावं हाय."

"आदी त्ये काढा," ती चिंतामणला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती जागची हलणार नव्हती.

चिंतामणचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याची त्याला लाज वाटली. अण्णांची शिकवण होती की यादी आहे तशी घ्यायची. म्हणून शब्द काढू का, हे विचारायला त्यानं सुभेदारांकडं पाहिलं.  म्हाताऱ्यानं मान डोलावली.

चिंतामणनं जुळवलेल्या ओळीतून 'मरणोत्तर'चे खिळे चिमट्यानं उपसले आणि एकेक करून ज्याच्या त्याच्या खणात टाकले. ओळीत नुसता 'शिपाई' राहिला.

"झालं. आता तरी नाव लिहा, बाई."

मनुबाईनं पदर कपाळावर ओढून घेतला. आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू उमटलं, नव्या नवरीसारखं लाजरं.

"आता कसं लिवू? आता तर त्ये यायचं हायती न्हवं?"

सुभेदारांनी भिंतीकडं तोंड केलं. मग वळून त्यांनीच पेन्सिल उचलली आणि रिकाम्या ओळीत पुतण्याचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. चिंतामणनं कागद जवळ ओढला आणि त्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.