गनमेटलची टोपणं

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. पंपाचे गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या न गंजणाऱ्या मिश्रधातूचे, व्हॉल्व्ह ओततो. आमचे हे, तात्यासो, धंद्यात एक नेम पाळत आले: जीव मारायला उपयोगी पडेल असं काही आपल्या भट्टीतून बाहेर पडायचं नाही. खाटकाच्या सुऱ्यांच्या मुठींचं कामसुद्धा त्यांनी एकदा परत पाठवलं. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, म्हणूनच हे सांगताना जीभ जड होते.

आमची मुलगी ऐश्वर्या समुद्री प्राण्यांचा, त्यातही डॉल्फिनचा, अभ्यास करते आणि देवगडच्या मच्छीमारांबरोबर त्यांच्या होड्यांवर जाते. जैनाची मुलगी मासेमारीच्या होडीवर, म्हणून पाहुण्यांनी भरपूर तोंडसुख घेतलं. पोरगी मात्र होडीवरही दिवस मावळायच्या आत डबा संपवते, हे कुणी विचारत नाही. डॉल्फिन आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो. पाण्याखाली बारीक जाळ्यात गुंतला की त्याला वर येता येत नाही, गुदमरून मरतो. मच्छीमारांनाही तो जाळ्यात नकोच असतो. जाळं फाटतं आणि जीवही हळहळतो. म्हणून ऐश्वर्याची मंडळी जाळ्याला एक छोटं यंत्र बांधत होती. ते पाण्यात टिकटिकत राहतं, डॉल्फिनला जाळं असल्याचं कळतं आणि तो लांबूनच वळतो. यंत्र चांगलं होतं, पण त्याची प्लास्टिकची टोपणं गळायची. आत पाणी शिरलं की आवाज बंद.

श्रावणात ती गगनबावड्याच्या घाटाने घरी आली, तेव्हा हे जेवत होते. पिशवी खाली ठेवायच्या आत ती वडिलांपाशी सुरू झाली.

"अण्णा, मला गनमेटलची टोपणं ओतून द्या. एवढ्या थोड्या नगांसाठी दुसरं कोण साचा करायला तयार न्हाय. आणि तुमचा व्हॉल्व्ह गळत न्हाय, हे अख्खी शिरोली म्हणती."

स्तुतीने हे खुलले. "कशाला बसवायची?"

"जाळ्यावरच्या यंत्राला."

ह्यांचा हात ताटातच थांबला. "मग न्हाय जमायचं."

"अण्णा, जीव वाचवायला मागतीया मी!"

"जाळ्याला बांधलं म्हंजे ते जाळ्याचंच झालं की. आपण करणं, दुसऱ्याकडनं करवणं आन् करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हीचं पाप सारखंच. त्या जाळ्यात जे मासं मरतील त्यात माझा हात नको."

ढोंगी माणूस असता तर भांडायला सोपं गेलं असतं. हे मनापासून बोलत होते. ऐश्वर्या दुसऱ्या दिवशी परत गेली आणि मी तिला नुसता डबा बांधून दिला.

पर्युषणात, आमच्या भाद्रपदातल्या व्रतांच्या पर्वात, तिने माझ्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. डॉल्फिनचं एक पिल्लू जाळ्यात गुदमरून मेलं होतं. त्या जाळ्यावरचं यंत्र टोपण गळून मुकं झालेलं. मच्छीमारांनी पिल्लू सोडवून पाण्यात सोडलं, तर त्याची आई ते तोंडावर उचलून वर आणत होती, त्याने श्वास घ्यावा म्हणून. ते घसरायचं, ती खाली जायची, पुन्हा घेऊन वर यायची. मी पदर तोंडात धरून रडले. ह्यांच्यापुढे फोन धरला तर म्हणाले, "पर्वात असलं काय दावू नगंस." आणि पोथी उघडून बसले.

पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. आमच्यात त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभर कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा बस्तीच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, दारात हात जोडतात. त्या दिवशी कुणी कुणाला नाही म्हणत नाही. हे बस्तीतून आले आणि लग्नापासूनच्या रिवाजाने माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"उत्तम क्षमा, अक्काताई. वर्षभरात काय चुकलं असंल तर क्षमा कर."

"न्हाय," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. "आगं, आज तरी."

"आजच न्हाय. सगळ्या जिवांची क्षमा मागून आलासा न्हवं? मग त्या पिल्लाच्या आईची मागितलीसा काय? हात स्वच्छ ठेवायच्या नादात तुम्ही हात बांधून बसलाय. जाळं तर रोज पडतंयच, तुम्ही टोपण ओता नायतर नका ओतू."

ह्यांनी जोडलेले हात तसेच खाली घेतले आणि बाहेर ओसरीत जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हे फाउंड्रीत गेले. ऐश्वर्या नमुन्याला ठेवून गेलेल्या टोपणावरून साचा स्वतः केला. माणसांना म्हणाले, "ह्यात पाप असंल तर माझं एकट्याचं," आणि कुणाला हात लावू न देता ओतलंही स्वतःच. दुपार कलल्यावर मी डबा घेऊन गेले तेव्हा तयार टोपणं तपासणं चाललं होतं. टोपण नळीला घट्ट बसवायचं, पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि नळीत हवा भरायची. बुडबुडा आला तर टोपण गळकं. हे बादलीवर वाकून डोळा न हलवता बघत होते. एकाही टोपणातून बुडबुडा आला नाही.

मग हात पुसून म्हणाले, "दाव तो व्हिडिओ."

त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर परत लावायला सांगितला. भट्टीच्या उबेत उभं राहून माझा नवरा रडला, आणि मी त्याला रडू दिलं. डोळे पुसून त्यांनी पुन्हा हात जोडले.

"आता तरी?"

"केली," मी म्हणाले. "मनापासून केली."

त्यांची नजर माझ्या हातातल्या फोनवरच होती. पिल्लू पुन्हा घसरलं होतं आणि आई त्याच्यासाठी खाली चालली होती.

"आन् हिनं?" त्यांनी विचारलं.

मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुढचा साचा भरायला घेतला.