आजोबांची चिंधी

आई जाऊन तीन आठवडे झाले होते आणि चार वाजता टेम्पो यायचा होता. तिच्या घरातलं जे कुणाला नको, ते त्यातून जायचं होतं. कुणाला नको म्हणजे दादाला नको. मला काय हवं आणि काय नको, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं, म्हणून मी सकाळपासून बाटल्या धूत होते.

आईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. कापडाचा तुकडा टाकणं तिला अन्न टाकण्याइतकंच जड जाई, आणि ही सवय कापडापाशी थांबली नाही. काचेची बाटली घरात आली की ती परत बाहेर जात नसे. तळणीचं उरलेलं तेल गाळून, त्यात कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी घालून ती साबणाच्या वड्या पाडी. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून ठेवी आणि वाफेच्या इस्त्रीत घाली, कारण नळाच्या पाण्याने इस्त्रीत क्षार साठतो. काही विकत आणायचं म्हटलं की आधी खोल्याखोल्यांतून एक चक्कर मारून यायची. "आधी घराला विचारावं, मग दुकानदाराला."

"आई, तुझ्या घरात कुठली वस्तू निवृत्तच होत नाही," दादा म्हणायचा.

"तुलासुद्धा ठेवलंयच की अजून," ती म्हणायची.

भरलेल्या बाटल्या ओळखायची तिची एक रीत होती. कागदाचं लेबल ओलं झालं की सुटतं, म्हणून ती बाटलीच्या गळ्यात चिंधी बांधायची. चिंध्या दोनच प्रकारच्या. तिच्या जुन्या फुलाफुलांच्या गाऊनची असली, तर आतलं पोटात गेलं तरी हरकत नाही. बाबांच्या निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाची असली, तर तोंडाला लावायचं नाही. बाबा अकरा वर्षांपूर्वी गेले. त्यांचा तो शर्ट असा बोटाबोटाने अजून कामावर होता.

त्या सकाळी अकरा बाटल्यांच्या गळ्यातल्या अकरा चिंध्या मी कात्रीने कापून काढल्या. काच नेणाऱ्या माणसाने बाटल्या स्वच्छ द्या असं सांगितलं होतं, हे एक कारण. खरं कारण असं, की बाबांचा शर्ट आणि आईचा गाऊन टेम्पोतून जाताना मला बघवलं नसतं. बिस्किटांच्या एका डब्यात मी त्या रचल्या आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला. नऊ बाटल्या रिकाम्या करून धुतल्या. दोन राहिल्या. दोन्ही सरबताच्या, एकाच दुकानातून आलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीत इस्त्रीचं पाणी होतं आणि एकीत कॉस्टिकचं. दुसऱ्या कुणी दोन्ही मोरीत ओतून दिली असती. मला ओतवेना. तिचे पडदे एकदा इस्त्री करून पाणी संपवावं, साबणाचा शेवटचा घाणा घालून कॉस्टिक संपवावं, मग बाटल्या धुवाव्यात, असं मी ठरवलं. चिंध्या मात्र आधीच कापल्या होत्या. ओट्यावर डावीकडची कॉस्टिकची, उजवीकडची इस्त्रीची. दोनच तर आहेत, लक्षात राहील, असं मला वाटलं.

पावणेतीनला वहिनीची किंकाळी ऐकू आली.

मी स्वयंपाकघरात पोचले तेव्हा ठिपकी, माझी चार वर्षांची भाची, शिवणयंत्राच्या स्टुलासमोर उभी होती. बूच तिच्या मुठीत होतं आणि बाटली ओठांना. ओट्याशी फडकं धूत असलेल्या दादाने झेप घेऊन बाटली हिसकावली आणि मागे मोरीत भिरकावली. नळ धो धो चालू होता. बाटली फुटली आणि तिच्यात जे काही होतं ते पाण्याबरोबर निघून गेलं. दुसरी बाटली स्टुलावर तशीच उभी राहिली.

"काय प्यायलीस? थुंक! थुंक आधी!"

ठिपकी भेदरून रडायला लागली. दादाने तिच्या घशात बोट घालायला हात नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"उलटी काढू नकोस! कॉस्टिक असेल तर वर येताना परत जाळेल."

"कॉस्टिक?" तो माझ्याकडे बघत राहिला. "कॉस्टिक म्हणजे?"

"साबणाचं. दादा, या बाटल्या ओट्यावर होत्या ना? तू इथे आणल्यास?"

"आणल्या. ओटा पुसायचा होता."

"डावीकडची कुठली होती?"

"बाटल्या होत्या! बाटल्या! मी काय त्यांची ओळख करून घेतली होती?"

वहिनीने तोवर ठिपकीला उचललं होतं, तिचं तोंड उघडून बोटाने ओठ खाली ओढून बघितलं होतं. "दिसत तर काही नाही. ठिपके, कसं लागलं? कडू होतं?"

"हो," ठिपकी हुंदके देत म्हणाली.

"का पाण्यासारखं?"

"हो."

"जळजळ होतेय?"

"हो."

विचारू त्याला ती हो म्हणत होती. वहिनीने गाडीची किल्ली दादाच्या हातात कोंबली. "तू चालव. ताई, तुम्ही इथेच थांबा. ते काय होतं ते शोधून काढा." तिचा आवाज चढला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

गाडी गेली आणि मी स्टुलासमोर बसले. विचार सरळ होता. दोन बाटल्यांपैकी एक उरली आहे. हिच्यात साधं पाणी निघालं, तर ठिपकी कॉस्टिक प्यायली. हिच्यात कॉस्टिक निघालं, तर ती पाणी प्यायली. दोन्ही पाण्यासारखी पांढरीस्वच्छ, दोन्हींना वास नाही.

मी पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं. अकरा चिंध्या. गाठी जशाच्या तशा होत्या, आईच्या, दुहेरी. प्रत्येक चिंधीला सकाळपर्यंत आपली बाटली ठाऊक होती. आता त्या नुसत्या चिंध्या होत्या.

फोन वाजला. वहिनीचा होता, पण बोलत होत्या डॉक्टर.

"मुलीच्या आत्या ना? मुलगी पोचली आहे. तोंडात भाजल्याची खूण नाही, पण त्यावर विसंबता येत नाही. आत अन्ननलिकेला इजा असू शकते. ते रसायन होतं का नाही, एवढं नक्की सांगता येईल?"

"तशीच दुसरी बाटली आहे. ती तपासली तर सांगता येईल."

"चव घेऊ नका. हात लावू नका. कशी तपासणार?"

मला माहीत नव्हतं. माझी नजर खोलीभर फिरली. यंत्र, कात्री, धुतलेल्या नऊ बाटल्या, ओट्यावर दादाचा अर्धा राहिलेला चहा. बिनदुधाचा. तो कितीही वेळा करून घेतला तरी दादा अर्धाच पितो. आईचं आणि त्याचं यावरून रोज वाजायचं.

आणि त्या उरलेल्या चहाचं आई काय करायची, ते मला आठवलं. विटलेल्या कापडाला ठिगळ लावताना नवा तुकडा फार उठून दिसतो, म्हणून ती तो चहात बुडवून जुना करायची. फिका रंग हवा तर चहात लिंबू पिळायची. गडद हवा तर चिमूटभर सोडा टाकायची. सोडा पडला की चहा काळा होतो, हे मी स्टुलावर उभी राहून कितीदा पाहिलं होतं. कॉस्टिक हा त्या सोड्याचा थोरला भाऊ.

"डॉक्टर, एक मिनिट."

"एकच," त्या म्हणाल्या. "मी लहान मुलांच्या सर्जनना बोलावून ठेवते. भूल देऊन आत नळी घालायची का, ते तुमच्यावर ठरेल."

मी हातात रबरी मोजे चढवले. चहा दोन पेल्यांत सारखा ओतला आणि खिडकीत शेजारी शेजारी ठेवला. एक तसाच ठेवायचा, एकात घालायचं. बाटलीचं बूच निघेना. निघालं तेव्हा झटक्याने थोडं बाहेर सांडलं. दोन चमचे दुसऱ्या पेल्यात ओतले.

काहीच झालं नाही.

चहा तसाच होता. उलट वरून थोडा फिकाच झाला. दोन पेले मी पुन्हापुन्हा पाहिले. फोनमधून दादाचा आवाज आला, लांबून, "काय म्हणतेय ती? काय म्हणतेय?" काळा हो, मी पेल्याला म्हणत होते. आयुष्यात कधी विषाची आस लागली असेल, तर ती त्या क्षणी. काळा हो.

"आत्याबाई?" डॉक्टर म्हणाल्या. "वेळ जातोय."

मी पेला उचलून उजेडात धरला. तळाशी काहीतरी होतं. बोटभर जाडीचा एक थर, वरच्या चहाहून गडद. जड होतं म्हणून ते खाली जाऊन बसलं होतं. मी ढवळलंच नव्हतं. चमचा घालून ढवळलं, आणि बघता बघता सगळा पेला काळा झाला. शेजारच्या पेल्यातून खिडकीचे गज दिसत होते. या पेल्यातून काही दिसत नव्हतं.

"कॉस्टिक इथे आहे," मी म्हणाले. "बाटलीत. ती पाणी प्यायली आहे. एसीचं पाणी."

"नक्की?"

"नक्की."

पलीकडे कुणीतरी रडायला लागलं. वहिनी असेल असं वाटलं, पण तो दादा होता.

बाटलीला बूच घट्ट लावून मी ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, टेम्पोवाल्याला आज येऊ नका म्हणून कळवलं, टॅक्सी केली आणि हॉस्पिटलमध्ये गेले. ठिपकी पलंगावर बसून जेली खात होती. डॉक्टरांनी दोन तास थांबायला सांगितलं होतं. माझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर जास्त आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

दादा खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"तिला सांगून सांगून दमलो होतो मी," तो म्हणाला. "हे घर आहे का भंगाराचं दुकान? सरबताच्या बाटलीत कॉस्टिक! वस्तू वाचवायच्या, वस्तू वाचवायच्या. माझी मुलगी गेली असती आज. त्या बाईच्या हट्टापायी."

त्या बाईच्या. गप्प राहणं सोपं होतं. गेलेलं माणूस उलट उत्तर देत नाही. दोन-चार वर्षांनी ही गोष्ट घरात अशीच सांगितली गेली असती, आईच्या अतिरेकाची गोष्ट म्हणून, आणि मी मान हलवली असती.

"बाबा, मी विचारूनच प्यायले," ठिपकी म्हणाली.

दादा वळला. "कुणाला विचारलंस?"

"बाटलीला."

"म्हणजे?"

"आजोबा नव्हते ना." तिने चमचा चाटला. "आजोबा दिसले की हात मागे. नसले की चालतं."

दादाला कळेना. वहिनीला कळलं. आई दिवसभर ठिपकीला सांभाळायची, तेव्हाचं हे शिक्षण होतं. "पट्ट्यांची चिंधी," वहिनी हळू म्हणाली. "आई तिला रोज विचारायच्या, यात आजोबा आहेत का बघ. ती कधी चुकली नाही."

"मग आज आईने ती बांधलीच नव्हती," दादा म्हणाला. "तेच तर म्हणतोय मी."

"बांधली होती," मी म्हणाले. "मी कापली."

मी डबा उघडून पलंगावर ठेवला. सकाळचं सगळं सांगितलं. ओतवेना म्हणून ठेवलेलं पाणी, आधीच कापलेल्या चिंध्या, डावी आणि उजवी. ठिपकीने डब्यात डोकावून "सगळे आजोबा इथे आलेत," एवढंच म्हटलं.

दादाने एक पट्ट्यांची चिंधी उचलून अंगठ्याने चोळली.

"हा शर्ट घालून मी पहिल्या मुलाखतीला गेलो होतो," तो म्हणाला. "बाबांचा. मला बाह्या लांब होत होत्या. आईने रात्रीतून आत घेतल्या." मग चिंधीचं कापलेलं टोक त्याने माझ्यासमोर धरलं. "गाठ तरी सोडायचीस."

एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आम्ही परत आलो तेव्हा सहा वाजले होते. मोरीत काचा तशाच होत्या. खिडकीत दोन पेले होते, एक चहाचा आणि एक काळा. मी वरच्या फळीवरून बाटली खाली घेतली. ती रिकामी करायची तरी नीट करायची होती, आणि ते आज होणार नव्हतं. तोवर ती अशी उघड्या गळ्याने ठेवणं शक्य नव्हतं. डब्यातली पट्ट्यांची चिंधी तिच्याभोवती फिरवली, तर दोन टोकं भेटेनात. मी गाठीला लागून कापली होती. बोटभर कमी पडत होती.

"फडकं दे कुठलंतरी," मी म्हणाले.

दादाने खिशातून रुमाल काढला. चांगला, नवा रुमाल होता. त्याने त्याची कड दातांत धरून एक पट्टी फाडली, ती चिंधीला जोडली आणि बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"दोन गाठी मार," तो म्हणाला. "आईसारख्या."

मी मारल्या. वहिनीच्या कडेवरून ठिपकी सगळं निरखत होती. तिने मान तिरकी केली.

"आजोबा मागे गेले," ती म्हणाली.

पुढे नुसता पांढरा रुमाल दिसत होता. दादाने बाटली फिरवली.