काळा बोल्ट

“ताई, मी तुम्हाला विचारलं होतं,” प्लेटिंगवाला म्हणाला आणि बोल्टाचा तुकडा त्याने माझ्यासमोर फळीवर ठेवला. “हा काळा पण टाकायचा का, असं चांगलं दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, सगळंच टाका.”

“म्हणाले असेन. मग?”

“मग काय? कडक बोल्ट आहे हा, ट्रकच्या इंजिनातला. असला बोल्ट चमकवायला आम्लात बुडवला, की काढल्या काढल्या भट्टीत चार-पाच तास भाजावा लागतो. नाहीतर आतून ठिसूळ होतो. मला वाटलं, मिस्त्रींकडून आलाय म्हणजे ते घेतील भाजून. त्यांना काय मी शिकवणार!”

मी तुकडा हातात घेतला. बाहेरून अजून चकचकीत होता. तुटलेली बाजू मात्र करडी आणि रवाळ, खडू मोडावा तशी सरळ मोडलेली. कालच नवऱ्याचा शर्ट भिजत घालताना तो मला खिशात सापडला होता. तीन महिने हा माणूस तो तुकडा या शर्टातून त्या शर्टात घेऊन फिरत होता आणि मला पत्ता नव्हता. काय तुटलं म्हणून माझा भाऊ लंगडा झाला, एवढंच विचारायला मी प्लेटिंगवाल्याकडे गेले होते. उत्तर मिळालं. मी तुकडा पदरात बांधला आणि घरी न जाता सरळ बसस्टॉपवरच्या बाकावर जाऊन बसले.

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. एका शटरचं दुकान आहे आमचं, मागे राहायच्या दोन खोल्या. लोकांच्या साध्यासुध्या मोटारसायकली कापून, जोडून, त्यांच्या मनासारख्या करून द्यायच्या, हा आमचा धंदा. काही भाग बाजारातून आणायचे, जे मिळत नाहीत ते पाइप, पत्रा आणि भंगारातून मिस्त्री स्वतः घडवतात. चमकवायचं काम माझं. तीस वर्षं बफिंगच्या चाकापुढे उभी आहे मी. घरातल्या भांड्यांपेक्षा सायलेन्सर जास्त घासलेत, आणि ते मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

दुकानात भिंतीवर मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, ‘इथे भागवून घेत नाही.’ गिऱ्हाईक म्हणायचं, “मिस्त्री, जुनाच नट टाका, घ्या की भागवून,” की हे नुसतं त्या भिंतीकडे बोट करायचे. त्यापायी किती गिऱ्हाइकं उठून गेली. मी कपाळाला हात लावायचे. पण मनातून अभिमानही वाटायचा.

आता माझा धाकटा भाऊ. सव्वासहा फूट उंच. विजेच्या खांबांवर चढायची नोकरी, म्हणून ऑफिसात सगळे त्याला शिडी म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. आमच्या अर्ध्या शटरला त्याचं डोकं आपटलं नाही असा एक रविवार गेला नसेल. साध्या मोटारसायकलवर बसला की त्याचे गुडघे हँडलला लागायचे.

“ताई, या कंपन्या गाड्या फक्त बुटक्यांसाठी करतात का गं?” तो म्हणायचा.

“गाडी बरोबर आहे. तूच जास्तीचा झालायस,” मी म्हणायचे.

शेवटी मिस्त्रींनी त्याची गाडी मनावर घेतली. चार महिने रविवार रविवार खपले. उंच हँडल बाजारातून आणलं. सीटचा सांगाडा पत्रा ठोकून केला. पाय ठेवायची जागा आणि ब्रेकचं पेडल हातभर पुढे नेलं, मागच्या चाकापर्यंत लांब दांडी घडवली. ते सगळं पेडल एका बोल्टावर उभं होतं. तो बोल्ट मिस्त्रींनी काळ्या डब्यातून काढला. त्या डब्याला मी हात लावायचा नाही, असा लग्नानंतरचा पहिला हुकूम. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, महागाचे असतील. कारण म्हणून काही सांगतील तर शपथ! तीस वर्षं मी त्यांच्या तोंडातून कारणं सांडशीने उपसते आहे.

प्लेटिंगला, म्हणजे चकचकीत मुलामा चढवायला, द्यायचे भाग मी पोत्यात भरत होते. बाकावर तो काळा, तेलकट बोल्ट पडलेला. सगळी गाडी लखलखणार आणि पायापाशी हे ध्यान! मला बघवलं नाही. टाकला पोत्यात.

गाडी न्यायला आला तेव्हा शिडी त्या बोल्टापुढे उकिडवा बसला, खिशातून कंगवा काढला आणि म्हणाला, “ताई, आरसा नको आता. यात बघून भांग पाडतो.” किती हसलो आम्ही.

अकराव्या दिवशी उतारावरच्या वळणावर त्याच्या पायाखालचं पेडल निसटलं. पुढचा ब्रेक दाबला तसं वाळूवरून चाक सरकलं, आणि गाडी त्याला घेऊन भिंतीवर गेली. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. जीव वाचला, पण पाय आता वाकणार नाही. ज्याचा पाय वाकत नाही तो खांबावर काय चढणार?

मिस्त्रींनी गाडी आणून ताडपत्रीखाली झाकून ठेवली. भिंतीवरच्या अक्षरांवर लाल प्रायमरचा ब्रश फिरवला. मला म्हणाले, “ओल आलीय.” तेव्हापासून दुकान नावाला उघडं. गिऱ्हाईक आलं की, “हातात जोर राहिला नाही,” एवढंच. आणि मी बाई रोज त्यांची समजूत काढत होते, “अहो, वेल्डिंग सुटलं असेल एखादं. कुणाचं सुटत नाही?” ते ऐकून घ्यायचे आणि भात चिवडत बसायचे.

बसस्टॉपवर दोन बस सोडल्या मी. मनात आलं, तुकडा गटारात टाकावा. कुणाला कळणार होतं? प्लेटिंगवाला काही सांगायला येणार नव्हता. नवरा वेल्डिंग म्हणून झुरत राहिला असता, भाऊ नशीब म्हणून गप्प बसला असता. मी सुटले असते. तिसऱ्या बसने मात्र गेले घरी. माझ्यात फार मोठं धैर्य वगैरे नाही. पण ज्या हातांच्या जिवावर जेवले, त्यांना खोटं ठरवून कसं जेवणार?

मिस्त्री उलट्या ड्रमवर बसून कानस पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

“तुमच्या खिशातला तुकडा मी नेला होता,” मी म्हटलं.

त्यांचा हात खिशाकडे गेला. “कुठे?”

“प्लेटिंगवाल्याकडे. तो बोल्ट मीच टाकला होता हो पोत्यात. तुमचं वेल्डिंग नाही सुटलं. तुमचा हात नाही चुकला. मी केलं हे.” आणि मला रडू फुटलं. त्यांनी आरडाओरडा करावा, दोन शिव्या द्याव्यात, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“बसवला कुणी? मीच ना? काळा ठेवलेला बोल्ट पांढरा होऊन आला, ते मला दिसणार नाही? आंधळा आहे का मी?”

माझं रडू जागच्या जागी थांबलं.

“पोतं ओतलं तेव्हाच दिसला,” ते कानशीकडे बघत म्हणाले. “भाजायची वेळ गेली होती. त्या लांबीचा दुसरा नव्हता. शिडी चार वाजता येणार होता. आणि तू एकेक भाग पुसून फडक्यावर मांडत होतीस, गुणगुणत. म्हटलं, कुठे हिचा विरस करा. एवढा एक भागवून घेऊ, पुढच्या रविवारी बदलू. पुढच्या रविवारी त्याला ड्यूटी लागली.”

तेव्हा मला भिंतीवरचा तो लाल पट्टा दिसला. रोजच दिसत होता म्हणा.

“आणि तीन महिने मला बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? तू केलंस म्हणून?”

“मी रोज उठून वेल्डिंग सुटलं, वेल्डिंग सुटलं म्हणत होते, आणि तुम्ही ऐकत होतात!”

“वेल्डिंगवर राहू दे म्हटलं. तुझ्यावर यायला नको.”

या माणसाच्या पाया पडावं की त्याच्या डोक्यात कानस घालावी, मला कळेना. राग मात्र आला, अंगाची लाही लाही झाली. तीस वर्षांपूर्वी एक वाक्य बोलला असता, की हे बोल्ट आम्लात घालायचे नसतात, तर माझ्या भावाचा पाय शाबूत असता. आणि मीही एकदा तरी विचारायला हवं होतं.

“शटर ओढा,” मी म्हटलं. “त्याच्याकडे जायचंय.”

“आत्ता?”

“आत्ता. जेवलात की तुमचा विचार बदलेल.”

शिडी दारातच उभा होता. हॉस्पिटलने दिलेल्या कुबड्या शेवटच्या भोकापर्यंत लांब केलेल्या, तरी त्याला आखूड. पाठीत पोक काढून उभा होता. टेबलावर ऑफिसचं पत्र होतं. सोमवारपासून तक्रार खिडकीत बसायचं.

“बघ ताई, शिडी आडवी करून ठेवली त्यांनी,” तो म्हणाला. त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, ती हसली नाही.

मी सांगायला लागले. बोल्ट पोत्यात टाकला तिथवर मी सांगितलं, उरलेलं मिस्त्रींनी सांगितलं. एवढं सलग बोलताना त्यांना मी लग्नात नाव घेतानासुद्धा ऐकलं नव्हतं. काही लपवलं नाही त्यांनी.

भावजय हातातला टॉवेल धरून तशीच उभी होती. “वन्सं, तीन महिने भाऊजींना मनात शिव्या घातल्या मी,” ती म्हणाली. “आता निम्म्या तुम्हाला घालते.”

“घाल गं बाई,” मी म्हटलं.

शिडीने टेबलावरचं पत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाला, “म्हणजे ताईने बघितला होता. भाऊजींनी बघितला होता. मीही बघितला होता, भांग पाडत होतो त्यात.” त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. “कळत फक्त भाऊजींना होतं.”

मिस्त्रींनी होय म्हणून मान हलवली. जाऊ दे, असं शिडी म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. लहानपणी माझ्या हातून त्याचा पतंग फाटला तरी म्हणायचा, जाऊ दे ताई. तो काही म्हणाला नाही. चहासुद्धा कुणी विचारला नाही आणि आम्हीही बसलो नाही.

आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला. “भाऊजी, या कुबड्या आखूड पडतात. पाठ मोडते दिवसभर.”

मिस्त्री परत वर गेले. एक कुबडी हातात घेऊन उलटी-सुलटी बघितली, भोकावरून बोट फिरवलं. “उद्या दुकानात ये.”

“मीच यायला हवं?”

“मापाला तू हवास.”

दुसऱ्या दिवशी अकराला रिक्षातून दोघं नवरा-बायको आली. त्या दिवशी मिस्त्रींनी शटर पूर्ण वर केलं होतं, तीन महिन्यांत पहिल्यांदा. ताडपत्री काढली. गाडीची एक बाजू चेपलेली, पण माझं पॉलिश तसंच होतं, मेलं.

“याचा पाइप चांगला आहे,” मिस्त्री हँडलवर हात ठेवून म्हणाले. “कापू का?”

शिडीने कुबडी सावरून हँडलची मूठ धरली. चार महिने रविवारी त्याने ते हँडल धरून, हलवून, इकडे नाही तिकडे करत बसवून घेतलं होतं.

“कापा,” तो म्हणाला. “मी थोडाच बसणार आहे आता.”

ग्राइंडर सुरू झाला. मी बफिंगच्या चाकापाशी उभी होते, सवयीने. मिस्त्रींनी हँडलचे दोन सरळ तुकडे काढले. पाइप कुबडीत सरकवला, बोल्ट टाकून तात्पुरता आवळला. स्वतः दोन्ही पाय उचलून त्यावर लोंबकळले, दोनदा, तीनदा. मग शिडीच्या काखेत कुबड्या दिल्या.

तो हळूहळू सरळ झाला. माझा भाऊ एवढा उंच आहे, हे मी विसरूनच गेले होते. भावजयीने एकदम तोंड फिरवलं.

“बरं वाटतंय,” शिडी म्हणाला. “भाऊजी, एवढ्यावर भागेल.”

“नाही भागायचं,” मिस्त्री म्हणाले. “बस खाली. डावी अर्धा सूत आखूड आहे. आणि हा बोल्ट माझ्या मनासारखा नाही.”

त्यांनी कुबडी पुन्हा व्हाइसमध्ये धरली आणि हात मागे केला. “अगं, काळ्या डब्यातला एक दे.”

मला वाटलं, चुकून म्हणाले. डब्यापाशी गेले तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, हात तसाच पसरलेला. मी झाकण काढलं. लांबी बघून एक बोल्ट निवडला, उजेडात धरून आटे तपासले. माझ्या खांद्यावर फडकं होतं.

बोल्ट तसाच तेलकट, काळा त्यांच्या हातावर ठेवला. पुसलासुद्धा नाही.