बाई बोलते ते रीळ

माझा नवरा पिक्चर पाहून आला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं सायकलची घंटी वाजवणं बंद केलं. आधी दुपारी जेवायला येताना गल्लीच्या तोंडाशीच घंटी वाजायची, आणि मी शिलाई मशीनवरून उठून तव्याखाली जाळ सारायचे. आता सायकल हातानं ढकलत, पायांचा आवाज न करता माणूस एकदम दारात उभा राहायचा. "पाना इसरला," म्हणायचं, घरभर नजर फिरवायची आणि पाना न घेताच निघून जायचं. एकदा पाना त्यांच्या खिशातच होता, मला बाहेरून दिसत होता.

धर्मराज त्यांचं नाव. तोंडानं मी कधी घेतलं नाही, इथे एकदाच लिहिते. तीर्थपुरीच्या बाजारात त्यांचं भाड्यानं सायकली द्यायचं दुकान होतं. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून काही वर्षं झाली होती, लोकांच्या अंगावर पुन्हा नवं कापड दिसायला लागलं होतं, त्यामुळे माझ्या मशीनलाही उसंत नव्हती. एकूण बरं चाललं होतं. बरं चाललेलं माणसाला फार दिवस बघवत नाही, दुसऱ्याचंच नव्हे, स्वतःचंही.

त्या उन्हाळ्यात बाजारतळावर रामरावचा फिरत्या सिनेमाचा तंबू आला. पिक्चरचं नाव हिंदीत होतं आणि लांबलचक होतं, म्हणून गावानं त्याला सोपं नाव दिलं, बायकोचा पिक्चर. बैलगाडीवर भोंगा बांधून रामराव स्वतः गावभर फिरायचा आणि सांगायचा, "नवरा परगावी, मित्र घरी. खून कुणाचा, या आणि बघा." तंबू गच्च भरायला लागला. एकदा पाहून आलेले पुन्हा जायचे. आमचेही पुन्हा पुन्हा जायला लागले.

मित्र घरी. हे माझ्या घरात आधीपासूनच होतं, तेही ह्यांनीच आणलेलं. देवानंद गुरुजी ह्यांचे बोर्डिंगातले सोबती, एका ताटात जेवलेले, बाबासाहेबांच्या जयंतीला एकाच बाजूनं पालखी उचलणारे. त्यांची बायको केशरबाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. "देवा, हातानं भाकरी थापून काहून मरून राह्यला? दुपारच्याला घरी येत जाय," असं ह्यांनीच दटावून सांगितलेलं. गुरुजी यायचे, जेवायचे, दोन शब्द बोलायचे, शाळेची घंटा झाली की जायचे. दार सताड उघडं असायचं आणि समोरच्या ओट्यावर झुंबरबाई दिवसभर बसलेली असायची. त्या म्हातारीच्या नजरेतून मांजरही सुटत नव्हतं.

एका दुपारी हे असेच आवाज न करता आले. गुरुजींच्या ताटात मी कढी वाढत होते. हे दारातूनच म्हणाले, "देवा, उद्यापासून तुझा डबा मीच शाळंत आनून देत जाईन. हितं पुष्पाला काम असतं." गुरुजींनी मान वर केली, ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे न पाहता उरलेला घास संपवला. हात धुतला, "येतो, वैनी" सुद्धा म्हटलं नाही, आणि गेले. मला इतकी लाज वाटली, जसं काही मीच त्यांचं ताट ओढून घेतलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी हे म्हणाले, "बाजार झाला का अंतरवालीला जाऊन ये चार दिवस. तातेराव वाट बघून राह्यले असतील." तातेराव माझे वडील. ते कुणाची वाट बघत नव्हते, शेताच्या बांधापलीकडे बघायची त्यांना सवयच नाही. पण मला कळायचं ते कळलं. आमच्याकडे बाईला माहेरी पाठवायला कारण लागत नाही, परत आणायला लागतं. ते चार दिवस किती लांबतील हे एस. टी.त बसवणाऱ्यालाच माहीत असतं.

मी दोन झंपर उलट्या बाजूनं शिवले आणि पुन्हा उसवले. माझ्याकडे लपवण्यासारखं काही असतं तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं. चोरी असती तर कबूल केली असती, पाय धरले असते, काहीतरी झालं असतं. नसलेली गोष्ट कुठून काढून दाखवू? मग म्हटलं, हा माणूस कशानं बदलला ते तरी एकदा डोळ्यांनी बघावं. शेजारच्या कांताबाईला सोबत घेतलं आणि सांजेच्या खेळाला जाऊन बसले. हे त्या दिवशी टायर-ट्यूब आणायला जालन्याला गेलेले होते.

तंबूत एका अंगाला बाया, एका अंगाला गडी, मध्ये कनात. सिनेमाची मशीन एकच, त्यामुळे दर रीळ संपलं की दिवा लागायचा. पडद्यावर एक श्रीमंत नवरा, त्याची देखणी बायको आणि नवऱ्याचा डॉक्टर मित्र. डॉक्टर नवरा नसताना घरी येतो. नवरा परगावी जातो म्हणून सांगतो आणि मध्येच परत येतो. चष्मा विसरला म्हणतो. चष्मा त्याच्या खिशातच असतो.

मला खरं सांगायचं तर हसू आलं आधी, आणि मग ते हसू जिरलं. तीच चाल, दारात तसंच उभं राहणं, तशीच नजर घरभर फिरवणं. माझा नवरा माझ्याशी नाही, त्या पडद्यावरच्या बाईशी भांडत होता, आणि मार मात्र मी खात होते. इंटरवलनंतर डॉक्टरचा खून होतो, पोलीस बायकोला धरून नेतात, दिवा लागतो. पुन्हा दिवा गेला तर बायको तुरुंगात विष खाऊन पडलेली, नवरा तिच्या अंगावर शाल टाकून रडतो आहे. गड्यांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "केलं ते फेडलं."

कांताबाई माझ्या कानाशी आली. "अगं, हितं एक रीळ गायब हाये. म्या जालन्याला भावाकडं गेल्ते तवा पूरं पाह्यलं. शेवटाच्या आदी बाई कोर्टात बोलत्ये. तिचं काहीच न्हाई. नवऱ्याला छातीचा रोग ऱ्हातो, त्याला धास्ती बसू नये म्हनून ती डाक्टरला चोरून बोलावून इलाज इचारत्ये. खून दीर करतो, इस्टेटीपायी. नवरा सोडवायला पळतो तवर हिनं इष खाल्लेलं ऱ्हातं."

म्हणजे नवरा रडतो तो पस्तावून रडतो. तीच शाल, तेच रडणं. एक रीळ काढलं की बाई पापी, एक रीळ लावलं की नवरा. मी घरी आले ते ठरवूनच, की ह्यांना ते रीळ दाखवायचं, मग काय व्हायचं ते होवो.

रामरावकडे कोणत्या तोंडानं जावं याचा विचार करत होते, तेवढ्यात सकाळी तोच दारात आला. रात्री खेळ सुटल्यावर वावटळीनं त्याचा पडदा मधोमध फाडला होता आणि तेवढं जाड कापड घेईल अशी मशीन गावात माझीच होती. "ताई, जल्दी करा, संध्याकाळच्या आत पाह्यजे," म्हणाला.

"शिवते. पन काढलेलं रीळ आज लावाचं."

त्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना. मग ओट्यावर बसला. "तुम्हाला कोनी सांगितलं? ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नका. पूरं पिक्चर लावलं तं जालन्यात थेटरवाले माश्या मारून राह्यल्ते."

"काहून?"

"काहून म्हंजे? पब्लिक तिकीट काढतं खोटी बाई बघाया. ती खरी निघाली का पब्लिकला वाटतं आपल्यालाच बनवलं. लफड्याचा पिक्चर असला का लफडं खरंच पाह्यजे, न्हाईतर तो पडला म्हनून समजा. त्यात त्या रिळात गानं न्हाई, मारामारी न्हाई, बाई हुभी राहून नुसती बोलत्ये. पब्लिक इडी प्यायला भाईर जातं. म्हनून म्या ते डब्यात टाकलं, तवापासून गर्दी बघा."

"आन खून कोनी केला ते?"

"ते कोन इचारतंय? आजपोत्तर एका मानसानं इचारलं न्हाई."

मी मशीनवरचं दोऱ्याचं रीळ काढून मुठीत धरलं. "तुमचं रीळ डब्यात, माझं रीळ मुठीत. बघा मंग."

रामरावनं कपाळावर हात मारला, पण एका खेळाला कबूल झाला. मी तो पडदा इतका बारीक शिवला की सांधा शोधून सापडला नसता. टाचणी टोचली तरी थांबले नाही. मजुरी नको म्हटलं. उद्या बाजार होता, परवा माझी एस. टी.

सांजेला ह्यांना मी स्वतःच म्हटलं, "जा ना पिक्चरला, जाताय तसं." ते गेले. मागोमाग कांताबाईला घेऊन मीही गेले आणि कनातीच्या फटीजवळ जागा धरली. सगळं पुन्हा तसंच झालं. चष्मा, खून, पोलीस. दिवा लागला, रीळ बदललं, दिवा गेला. पडद्यावर कोर्ट आलं. माझा सांधा बाईच्या बरोबर खांद्यावरून जात होता. तिनं हात जोडले आणि बोलायला तोंड उघडलं.

गड्यांच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली. शिट्या झाल्या, "कापा, कापा" झालं. मग एकेक उठायला लागला. मी फटीला डोळा लावला. दुसऱ्या ओळीतून माझा नवरा उठला, खिशातून बिडी काढली, कानावर आडवी खोचली, आणि चारचौघांबरोबर तंबूच्या बाहेर गेला.

बायांच्या बाजूची एकही हलली नाही. झुंबरबाई पदर तोंडात धरून बसली होती. ती बाई बोलत होती, बोलत होती, सगळं सांगत होती, आणि ज्याच्यासाठी मी बोटं टोचून घेतली तो बाहेर धूर सोडत उभा होता. मला ओरडावंसं वाटलं. शेवटच्या रिळाला मंडळी परत आली. बाई मेली, शाल पडली, आणि त्यांनी रोजच्यासारख्या टाळ्या वाजवल्या. त्यात माझ्या माणसाच्याही होत्या.

सकाळी ते दुकानाची किल्ली शोधायला लागले. खुंटीवर नव्हती, कोनाड्यात नव्हती. मी म्हटलं, "माझ्या कमरंला हाये. बसा."

"बाजाराचा दिस हाये, किल्ली दे."

"देते. काल तुम्ही रामरावचं रीळ सोडून भाईर गेल्ते. आता माझं रीळ हाये. ह्याला उठाचं न्हाई."

ते बसले, रागानंच बसले. मीही समोर बसले. 

"देवानंद भावजी हितं जेवत व्हते आन मला इचारत व्हते. वैनी, पोरी शाळंत काहून येत न्हाईत, तुम्हाला काय वाटतं? आवंदा पानी कसं पडंल, तुम्हाला काय वाटतं? मी सांगत व्हते, ते ऐकत व्हते. तुम्ही लगीन झाल्यापून मला मीठ कमी पडलं एवढंच सांगितलं. मला काय वाटतं, हे एकदा बी इचारलं न्हाई. मला ते बोलनं आवडतं. आवडतं म्हनूनच सांगून राह्यले, चोरून न्हाई. एवढंच लफडं. ह्याच्या म्होरं रीळ न्हाई. आता अंतरवालीला धाडाचं तं धाडा, पन हे ऐकून धाडा."

ते उठायला लागले, हात खिशाकडे गेला. मग माझ्या कमरेकडे पाहिलं आणि बिडी तशीच परत ठेवली. बाहेर बाजाराच्या गाड्या यायला लागल्या होत्या.  मला वाटलं आता उठून मारतात, नाहीतर पिशवी भर म्हणतात.

"मंग त्या डाक्टरचा खून कोनी केला?" ते म्हणाले.

 अख्ख्या गावात हे पहिलेच विचारणारे. "दिरानं. इस्टेटीपायी. बाईचं काहीच नव्हतं."

"मला ठाव नव्हतं."

"कसं ठाव ऱ्हाईल, तुम्ही इडी पिऊन राह्यल्ते. नवऱ्यानं बायकूला घरात बसून एकदा इचारलं असतं ना, तं पिक्चर इंटरवलच्या आदीच संपला असता."

"मंग रामरावचा तंबू कसा चालंल?" ते म्हणाले. तोंडावर हसू आणायचा प्रयत्न होता. मी हसले नाही. किल्ली काढून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. त्यांनी ती उचलली आणि शाळेच्या रस्त्यानं दुकानाला गेले. ती वाट लांबची आहे.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. पाठोपाठ दुसऱ्या सायकलची वाजली. मी मशीनवर होते ती उठले नाही. म्हटलं, येऊ दे आत, आज जाळ त्यांनीच सारावा.