प्रतीक्षायादीत सासूबाई

दातांच्या डॉक्टरला तो नवा कॅमेरा हवा होता आणि तो कुठेच मिळत नव्हता. पेशंटला आ करायला लावून हा त्याला सेन्सरची महती ऐकवायचा. बिचारा बोलणार कसा! कॅमेऱ्याचा पत्ता नाही, पण पठ्ठ्याने तीन लेन्स, दोन पिशव्या आणि एक स्टँड आधीच घेऊन ठेवला होता. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

चार दुकानांत प्रतीक्षायाद्या होत्या. एकाचं नाव एकाच यादीत, आणि ज्याचं नाव, त्यानेच येऊन कॅमेरा न्यायचा. डॉक्टरने शक्कल लढवून स्वतःचं, बायकोचं, मेव्हण्याचं आणि सासूबाईंचंही नाव एकेका यादीत घातलं. सासूबाईंनी काढलेल्या फोटोत माणसांची डोकी उडतात, हा त्याचा घरातला ठरलेला विनोद.

सात महिन्यांनी नंबर लागला तो नेमका सासूबाईंचा. त्या दुकानाची रीत अशी, की गिऱ्हाइकाने काउंटरवर दहा फोटो काढल्याशिवाय कॅमेरा घरी नेऊ द्यायचा नाही. गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून जावई बाहेरच थांबला. तासाभराने सासूबाई आल्या त्या कॅमेरा गळ्यात घालूनच.

"पेन्शनमधून घेतला," त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर आलाय, तेव्हा माझाच."

आता दर रविवारी त्या तळ्यावर पक्षी टिपतात. मागून जावई तीन लेन्स, दोन पिशव्या आणि स्टँड वाहत चालतो. परवा त्याने सेन्सरचा विषय काढला मात्र, कॅमेऱ्यावरून डोळा न हलवता त्या म्हणाल्या,

"जावईबापू, तोंड मिटा आणि बाजूला सरका. उजेड अडतोय."